घाण्याच्या तुळईचा देव

पेत्रा,
अंजीरमास, चढत्या चंद्राचा चौथा दिवस

चि. बात्तोस यास थेआनोताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दीड महिन्यात नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे. मिठाचा खेचरवाला काल येऊन गेला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मी हातातली परात खाली ठेवली. तुमच्या हालिमेत देव म्हणे हल्ली कशालाही मान डोलावतो. भटारीण निकाया चेटूक करते का, तर हो. तिला गावाबाहेर काढायचं का, तर हो. तिने पाव कच्चा ठेवला म्हणून पाऊस पडत नाही का, तर तेही हो. अरे, हा देव आहे की तू?

लहानपणापासून तू असाच. कुणी काही विचारलं की तुझी मान खाली. डोंगरावरचे खरे देव निघून गेले तेव्हा प्रत्येक गावाने आपापली सोय पाहिली, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. पण हालिमेच्या पंचांनी तुला विचारलं की बाबा, देव घडवता येईल का, तर तुला नाही म्हणता येईना. माझ्या घाण्याची तुळई मोडून माझा पाय चिरडला, मी अंथरुणात कण्हत होते, आणि तू उशाशी बसून हळूच विचारलंस की ताई, ते लाकूड घेऊ का. घेतलंस. त्याचं नाक तासलंस माझ्या कांदे चिरायच्या सुरीने. ती सुरी अजून परत आलेली नाही.

काम किती साधं होतं. पडद्यामागून दोरी ओढलीस की अक्मोनदेवाची मान खाली, म्हणजे होकार. ओढली नाहीस की नकार. एवढंही जमेना का तुला?

बाबांची सावली उंबरठ्यात बसलेली असते. सगळ्यांच्याच घरचे मेलेले परत आलेत, पण आमचे बाबा नेमके येण्याजाण्याच्या वाटेवर बसतात. ऐकू तर येत नाही. खापरावर कोळशाने लिहून विचारलं तर मान खाली करतात, म्हणजे हो, नाहीतर वर झटकतात, म्हणजे नाही. काल मी लिहिलं की बात्तोस नीट आहे का. त्यांनी मान वर झटकली. म्हणून हे पत्र.

आणि मिर्तोला आता परत पाठव. देवाची शाल विणायला म्हणून मी माझी एकुलती एक पोर तुझ्याकडे दिली, त्याला तीन महिने झाले. शाल विणतेय की शीड?

सुरी तिच्याबरोबर दे. माझा जीव तुझ्यावर आहे, तो तसाच ठेवायचा की नाही हे तू बघ.

थेआनो

---

हालिमे,
अंजीरमास, चढत्या चंद्राचा नववा दिवस

ती. ताईस बात्तोसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पायाचं दुखणं यंदा तरी कमी असेल. इकडे सर्व ठीक. अंजीर यंदा अगदी बोराएवढे आहेत. सुरी सापडली आहे, थोडी बोथट झाली आहे.

ताई, तू रागावशील, पण मी दोरी ओढतच नाही. या दुष्काळात लाकूड वाळलं. मानेतली खुंटी आक्रसली आणि ढिली पडली. आता जवळ कुणी मोठ्याने बोललं तरी मान आपोआप खाली पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा मी पडद्यामागे दोरी हातात घेऊन नुसता उभा होतो. क्षणभर मलाही वाटलं की खरंच कुणी आत येऊन बसलं की काय.

खुंटी ठोकायला मला पाच श्वासांचा वेळ पुरला असता. पण देव स्वतःहून बोलू लागला म्हटल्यावर लोक देवळातून हलेनात. आठही प्रहर माणसं त्याच्या पायाशी बसलेली. माझी दोरीही काढून घेतली, म्हणाले आता तुला कष्ट नकोत.

मिर्तो मजेत आहे. शाल होत आली. तिला लगेच पाठवता येणार नाही असं दिसतं. झालं असं की पाऊस मागायला मुलगी द्यायची का, असं पंच एउरिमास यांनी देवाला विचारलं. मग नावं वाचली. रिवाजाप्रमाणे पाहुण्यांची नावं आधी वाचतात. पहिलंच नाव तिचं होतं. त्यांनी मला विचारलं की तुझी हरकत नाही ना. मी काय बोललो ते मला आठवत नाही.

पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस ठरला आहे.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

बात्तोस

---

पेत्रा,
अंजीरमास, चढत्या चंद्राचा बारावा दिवस

बात्तोस,

आशीर्वाद शोधतेय, सापडला की लिहीन.

अंजीर बोराएवढे आहेत हे तू आधी लिहिलंस आणि माझ्या मुलीचा बळी देणार आहेत हे शेवटी. तुला काय आठवत नाही ते मला इथे बसून आठवतं. तू मान खाली घातलीस.

आता मी सांगते तेवढं कर. चौकात उभा राहा आणि सांग की हे माझ्या बहिणीच्या घाण्याचं लाकूड आहे. त्याच्या डाव्या कुशीत अजून तेलाचा डाग असेल, तो दाखव. बळीसारखं तुलाही कड्यावरून ढकलतील अशी भीती वाटते ना? ढकलू देत. सोळा वर्षांच्या पोरीपेक्षा पन्नाशीच्या तुला खाली जायला जास्त वेळ लागत नाही.

ते जमणार नसेल, आणि मला माहीत आहे जमणार नाही, तर निदान पोरीला एवढं शिकव. राजीखुशीवाचून बळी देता येत नाही. खरे देव होते तेव्हापासून हा नियम आहे आणि तुमचे पंचही तो मोडायला धजणार नाहीत. बकरीच्या डोक्यावर गार पाणी ओततात, ती दचकून मान खाली घालते, आणि सगळे म्हणतात की राजी आहे. मिर्तोवरही तेच ओततील. तिला सांग, पाणी पडलं की मान वर झटकायची. कितीही गार असो, कितीही वेळा ओतोत. इथे बकरीने मान वर केली तर तिला सोडून देतात, हे तूही लहानपणी पाहिलं आहेस. तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास.

मी स्वतः आले असते. चार वर्षं झाली तरी पाय अजून खेचरावर चढू देत नाही. चढू देईल त्या दिवशी मी निघेन, आणि तेव्हा तू माझ्या समोर येऊ नकोस.

थेआनो

---

हालिमे,
अंजीरमास, पौर्णिमा

ती. आईस मिर्तोचा शि. सा. न. वि. वि.

तू मामाला लिहिलेलं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं, कारण त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. आई, तू त्याला फार बोलतेस. बोलायला हवंच, पण जरा बेताने बोल. तो जेवत नाही, आणि मग मलाच त्याला भरवत बसावं लागतं. ज्याचा बळी जायचा त्याने दुसऱ्याला पेज भरवायची, असं हे गाव आहे.

मान झटकायचा सराव मी करतेय. निकायाची धाकटी लोकिस विहिरीवर येते, ती माझ्या डोक्यावर घागर ओतते आणि मी मान वर करते. निकायाला गावाबाहेर काढलं, पण पोरीला ठेवून घेतलं, पाव कोण भाजणार म्हणून. काल दहापैकी आठ वेळा मान खालीच गेली. आज एकदाच गेली.

दुसरं असं की मी पंचांना विचारलं, खऱ्या देवांना वर्षातून एकदा समुद्रात न्हाऊ घालायचे, तुम्ही अक्मोनला कधी घातलंत का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चार वर्षं देव पारोसा आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मग एउरिमास माझ्यावरच खेकसले की आधी का नाही सांगितलंस. मी म्हटलं, मी पाहुणी. आता उद्या आणि परवा दोन्ही दिवस सूर्योदयापासून मावळतीपर्यंत देव पाण्यात. मामाला ही गोष्ट सुचली नव्हती. खुंटी भिजली की फुगणार, हे घाण्यावर वाढलेल्या पोरीला शिकवावं लागत नाही.

मान पडली नाही की झालं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी यायला निघेन. चीज सगळं आजोबांच्या सावलीपुढे ठेवू नकोस, ते खात नाहीत, मुंग्या खातात.

काळजी करू नकोस असं लिहितात, म्हणून लिहिते. तुझी आठवण येते ते मात्र खरं आहे.

मिर्तो

---

हालिमे,
अंजीरमास, उतरत्या चंद्राचा दुसरा दिवस

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

देवाला पाण्याबाहेर काढलं. मी पुसायच्या निमित्ताने मान हलवून पाहिली, हलत नाही. दगडासारखी घट्ट बसली आहे. मिर्तो फार हुशार निघाली, माझ्यावर गेली नाही.

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. लोक फार तहानलेले आहेत ताई. देव होकार देईनासा झाला तर ते घरी जातील असं मिर्तोला वाटतं. मी या लोकांबरोबर चार वर्षं काढली आहेत, मला तसं वाटत नाही.

सुरी दगडावर घासून धार लावली आहे. मिर्तोच्या गाठोड्यात ठेवतो.

रागावू नकोस म्हणत नाही. रागावलीस तरी चालेल.

बात्तोस

---

पेत्रा,
अंजीरमास, उतरत्या चंद्राचा आठवा दिवस

चि. बात्तोस यास अ. आ.

तू काल दुपारी आलास आणि बाबांच्या शेजारी उंबरठ्यातच बसलास. आता त्या दारातून माणसाने जायचं कसं? तुला ऐकू येत नाही, म्हणून हे लिहून तुझ्यापुढे ठेवते आहे. खापर पुरणार नाही, मला पुष्कळ बोलायचं आहे.

मिर्तो परवा पोचली. तिने सगळं सांगितलं. देवाला तीनदा विचारलं, मान हलली नाही. तिच्या डोक्यावर तीन घागरी ओतल्या, तिने तीनदा मान वर झटकली. नियमाप्रमाणे तिला सोडलं. तू म्हणाला होतास तेच झालं, लोक घरी गेले नाहीत. बळी चुकला म्हणून देव रुसला, असं एउरिमास म्हणाले. पुन्हा नावं वाचली, एकालाही होकार येईना. मग कुणीतरी नऊ वर्षांच्या लोकिसला पुढे ओढलं, की लहान आहे, पाण्याने दचकून मान नक्की घालेल.

तेव्हा तू बाहेर आलास. तू सगळं खरं सांगितलंस, तुळई, खुंटी, तेलाचा डाग, माझी सुरीसुद्धा. कुणाला पटलं नाही. लोक हसले म्हणे. मला इतका संताप आला ऐकून. जन्मात एकदा तू तोंड उघडलंस आणि त्या गाढवांना ऐकायची अक्कल नव्हती.

मग तू लोकिसच्या डोक्यावरची घागर काढून घेतलीस, स्वतःच्या डोक्यावर ओतलीस आणि मान खाली घातलीस. राजीखुशीचा बळी उभा असताना दुसऱ्याला हात लावता येत नाही, म्हणून त्यांनी तुलाच कड्यावर नेलं. लोकिसला मिर्तोने त्या गर्दीतून खेचून आणलं. आत्ता माझ्या चुलीपाशी बसून ती पाव भाजते आहे. बरे भाजते.

मी तुला म्हटलं होतं, ढकलू देत. ते मी रागाने म्हटलं होतं, बात्तोस. तू माझं सगळंच ऐकायला हवं होतंस असं नाही.

पाऊस पडलेला नाही. खुंटी आणखी आठ दिवसांत वाळेल आणि ती मान पुन्हा पडायला लागेल. तेव्हा मी आज निघते आहे. पाय खेचरावर चढला, दुखतो, पण चढला. मिर्तोने कुऱ्हाड घेतली आहे. लाकूड माझ्या घाण्याचं आहे, ते परत न्यायला मला कुणा पंचाची परवानगी नको. अडवायला आले तर बघू.

निघण्याआधी तुला एक विचारायचं होतं, ते सकाळी खापरावर लिहून तुझ्यासमोर धरलं. आयुष्यात तुझ्या हातून एवढी एकच वस्तू चांगली घडली. नाक तर अगदी बाबांचं आलं आहे. म्हणून विचारलं की सगळा देव फोडते, पण तोंड तेवढं तुझी आठवण म्हणून ठेवू का?

तू मान वर झटकलीस. दोनदा.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला नाही म्हणालास. मी तिथेच मटकन बसले. मिर्तो धावत आली, तिला वाटलं माझा पाय गेला.

तर तोंडही फोडते. जवाची पेज शेजारी ठेवली आहे, खात नाहीस हे माहीत आहे, तरी ठेवली आहे. मी येईपर्यंत बाबांशी भांडू नकोस आणि इथून हलू नकोस. दारात बसलास तरी चालेल, आम्ही वळसा घालून जाऊ.

तुझी ताई,
थेआनो