तंबाखूच्या काढ्याचे प्रमाण

परळ,
९ मे १९६०

प्रिय कौसल्या,

तुझे पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे. निरीक्षण मात्र अजून ढिसाळ आहे. ‘पानांवर किडे झालेत’ हे काय वाक्य झाले? कोणत्या पानांवर, वरच्या बाजूस की पाठीमागे? गॅलरीतल्या डब्यांत तू घेवडा आणि वांगी लावली आहेस, एवढ्यावरून मला बाकीचे ताडावे लागले. तू दोन गोष्टी मागितल्या आहेस. एक, किड्यांवर मारायच्या तंबाखूच्या काढ्याचे प्रमाण. दुसरी, येत्या रविवारी डिलाईल रोडच्या तुमच्या चाळीत जी स्मृतिशिला बसणार आहे, तीवर तुझ्या वडिलांच्या नावाखाली कोरायच्या दोन ओळी. ‘पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले, असे काहीतरी तुमच्या भाषेत,’ असे तू लिहितेस. त्या ओळी मला लिहिता येतील की नाही, याचा निर्णय या पत्रातच व्हायचा आहे.

आधी किडे. घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांना काळे चिकट दाणे लगडले असतील तर तो मावा. शेंडा अंगठा आणि तर्जनीत धरून खालून वर ओढायचा. बोटे बरबटतील, बरबटू देत. उरलेल्यांवर धुण्याच्या साबणाचे पातळ पाणी पानांच्या पाठीकडून मारावे. त्यांच्या श्वासाची छिद्रे बुजतात आणि ते गुदमरतात. दुसऱ्या दिवशी पाने साध्या पाण्याने धुवावीत. मुंग्यांना विसरू नकोस. गवळ्याने म्हशी पाळाव्यात तशा त्या मावा पाळतात. डब्यांच्या फळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. वांग्याच्या शेंड्याने मान टाकली की आत अळी आहे असे समज. दोन बोटे खाली छाट, उभा चीर, आणि दिसताक्षणी चिरड. नुसता शेंडा फेकून देणे म्हणजे तिला शेजारच्या डब्यात धाडणे. राख घालायची तर लाकडाची, चाळलेली, सकाळी पाने दमट असताना. आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेले जे किडे तू ‘शोधून शोधून मारले’ म्हणतेस, ते ढालकिडे होते. ते मावा खातात. ओळख पटण्यापूर्वी हात उचलणे याला मी अडाणीपणा म्हणतो.

तुझ्या वडिलांच्या हातून अशी चूक झाली नसती. रात्रशाळेत दोन वर्षे मी त्यांना वाचायला शिकवले, त्याची फेड म्हणून रविवारी ते माझ्या गच्चीवर मातीच्या पाट्या चढवीत. मी अळी चिरडू लागलो की हसत. ‘मास्तर, एवढ्याशा जिवावर एवढा राग? आमच्या गिरणीतल्या जॉबरला बी असाच शेंड्यासकट छाटा की!’ मी म्हणे, ‘कोंडीराम, आधी शुद्ध बोला.’ त्यावर ते म्हणत, ‘छाटायला शुद्ध कशाला लागतंय?’ मी एम.एस्सी.; उत्तर मात्र नेहमी त्यांनाच सुचे, आणि ते मला कधीच सहन झाले नाही.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे जाहीर झाले, तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. त्या दुपारी लालबागच्या बाजूने आधी दगडांचा, मग अश्रुधुराच्या नळकांड्यांचा आणि मग गोळ्यांचा आवाज आला. गच्चीच्या कठड्यावरून मी एका माणसाचा जबडा उडालेला पाहिला. त्याला ओढू पाहणाऱ्याच्या पाठीत लाठी बसली आणि दोघे एकमेकांवर कोसळले. थोड्या वेळाने कोंडीराम जिना चढून वर आले. प्रत्येक पायरीवर रक्ताचे एक पाऊल उमटले होते. गोळी उजव्या मांडीच्या मांसातून आरपार गेली होती. हाड शाबूत होते. मी धोतर फाडून मांडी आवळली आणि रक्त थांबले. हे वाक्य पुन्हा वाच, कौसल्या. रक्त थांबले होते. माठात होते तेवढे पाणी पाजून मी डॉक्टरांना आणायला निघालो. नाक्यावर शिपायांनी मला भिंतीशी उभे केले. इंग्रजीत माझी पदवी सांगितल्यावर उगारलेली लाठी खाली आली, पण सोडले तासाभराने. डॉक्टर म्हणाले, पुढे व्हा, दोन जखमी बांधून येतो.

गच्चीवरच्या ज्या पत्र्याच्या खोलीत मी त्यांना निजवून गेलो होतो, तिथेच माझी फळी होती. दवाखान्याच्या बाटल्या धुऊन त्यांत मी काढे भरीत असे. प्रत्येक बाटलीला कागदाची पट्टी, पट्टीवर इंग्रजीत नाव, वळणदार. मराठीत लिहिलेले शास्त्र मला शास्त्रासारखे दिसत नसे. मी पोहोचलो तेव्हा कोंडीराम ओकत होते. ‘मास्तर, फळीवरचं औषध घेतलं. दोन घोट. लई कडू हाय, पण म्हटलं ठणका तरी थांबल.’ इंग्रजी पट्टीची बाटली म्हणजे डॉक्टरचे औषध, आणि औषध कडूच असायचे. त्यांच्या तर्कात चूक नव्हती. ती बाटली तंबाखूच्या काढ्याची होती. थंड घाम सुटला, मग झटके आले. टाचा फरशीवर आपटू लागल्या, दातखीळ बसली, चावलेल्या जिभेचे रक्त माझ्या मनगटावरून ओघळले, ओठ निळे पडले. त्या काढ्याखाली मावा असाच थरथरत मरतो. मी ते शेकडो वेळा समाधानाने पाहिले होते. पाव तासाने टाचा थांबल्या. डॉक्टर येण्यापूर्वी मी बाटली धुतली, पट्टी खरवडली, ओकारीवर माती लोटली. इतके निर्दोष काम माझ्या हातून दुसरे झालेले नाही. डॉक्टरांनी मांडी पाहिली आणि लिहिले : गोळी लागून मृत्यू.

पट्टीवर ‘विष’ ही दोन अक्षरे मराठीत असती, तर त्यांनी ती वाचली असती. मीच शिकवली होती. त्याच्या आठवडाभर आधी चौकातल्या सभेत मी मराठीच्या राज्यासाठी पाऊण तास बोललो होतो आणि टाळ्याही घेतल्या होत्या. तेव्हा काढ्याचे प्रमाण मी तुला देणार नाही, आणि त्या दोन ओळीही नाहीत. तुझे वडील स्वतःहून रस्त्यावर उतरले, गोळी त्यांनी अंगावर घेतली. शिळेवरचे नाव त्यांचेच आहे, ते कोणी पुसू नये. पण मृत्यूचे कारण मी खोटे लिहिणार नाही. ही चार वर्षे मी तुला शिकवीत आलो, ते उपकार समजून तू मला वाकून नमस्कार करतेस; यापुढे करू नकोस. सोबतच्या कागदावर हीच हकीकत सही करून दिली आहे. पोलिसांत द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. हे पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव, एक शब्दही गाळू नकोस. शनिवारी संध्याकाळी मी तुमच्या जिन्याखाली उभा राहीन. वर बोलवायचे की तिथूनच परत पाठवायचे, ते त्यांनी सांगावे.

म्हणवून घेण्याचा हक्क उरला असेल तर,
तुझाच,
गंगाधर मास्तर