सळईवर नकाशा फुकट

२ एप्रिल, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. डॉक्टर म्हणाले, काळजी डोक्यात ठेवू नका, कागदावर काढा. मला काळजी नाही. पण डॉक्टरांचं मन मोडवत नाही.

आमची नात ब्राह्मी, भरतेशची मुलगी, सांगलीच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकते. चौथं वर्ष संपत आलं. काल जेवताना सहज म्हणाली, पुढचे सहा महिने ट्रेनिंग असतं, एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्यक्ष काम करायचं असतं, आणि तिनं बेंगळुरूला अर्ज टाकलाय. माझा घास अडकला. भाकरी कडक होती.

बेंगळुरूची हवा चांगली म्हणतात. पाण्याचं कुणी बोलत नाही. चौकशी करायची.

ठराव: पोरीला जाऊ द्यायचं नाही. म्हणजे तसं नाही. तिनं आपणहून जायचं रद्द करावं, अशी व्यवस्था करायची.

४ एप्रिल

दिवसभर विचार केला. बांधकाम शिकायला पोरगी परराज्यात जाणार, आणि इथं पलूसला घरचं सिमेंट-सळईचं दुकान! मी सातवीपर्यंत शिकलो. नापास म्हणता येणार नाही, परीक्षेला बसलोच नाही. पण नुसती सळई विकली नाही. घराची सगळी सळई जो आमच्याकडून घेईल त्याला घराचा नकाशा फुकट, ही माझी आयडिया. फार वर्षांपूर्वी एका ड्राफ्ट्समनकडून एक नकाशा काढून घेतला होता. त्याच्याच झेरॉक्स आजवर वाटतो. पुढं व्हरांडा, मग हॉल, बाजूला बेडरूम, मागं स्वयंपाकघर, जिन्याखाली बाथरूम. पलूसपासून कुंडलपर्यंत निम्मी घरं याच नकाशावर उभी आहेत. पाहुणा चुकून शेजारच्या घरात शिरला तरी त्याला बाथरूम बरोबर सापडतं. याला प्रॅक्टिस म्हणतात.

तिकडं शिक्षण, इकडं धंदा. मधे पूल बांधणारा माणूस नाही. तो कोण, हे लिहायला नको.

९ एप्रिल

सांगलीला जाऊन आलो. कॉलेजनं पालक आणि व्यावसायिक यांची बैठक बोलावली होती. विषय माझाच होता: शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड. ब्राह्मी म्हणाली होती, तात्या, तुम्ही नाही आलात तरी चालेल, उन्हाचा त्रास होईल. काळजी करते पोर. मी टोपी घालून पहिल्या रांगेत.

तिच्या संयोगिता मॅडम बोलल्या. मुलं सुंदर चित्रं काढतात, म्हणे, पण घर बांधणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोलायची वेळ आली की घाम फुटतो. मी हात वर केला. माइक मिळाला. म्हणालो, चार भिंती कॉलेजात काढता येतील, पण त्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायला दुकानात बसावं लागतं. टाळ्या पडल्या. हसण्याचाही आवाज आला, पण कौतुकाचा होता. मॅडम म्हणाल्या, आजोबा, तुमच्यासारख्यांशी आम्ही बोलत राहिलं पाहिजे.

म्हणजे नेमणूकच झाली.

चहाच्या वेळी नियम विचारून घेतला. ऑफिस कुठल्याही गावात चालतं. आर्किटेक्ट नोंदणी झालेला पाहिजे आणि हातात खरं काम चालू पाहिजे. तसं पत्र मे अखेर कॉलेजात द्यायचं.

परत येताना ब्राह्मी एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. मान अवघडली असेल.

१२ एप्रिल

मॅडमचा फोन नाही. कामात असतील.

वरची खोली रिकामी करायला घेतली. तिथं ऑफिस. ही, म्हणजे आमची चंपाबाई, जिन्यात उभी राहून म्हणाली, "आवं, पोरीला हितं कोंडून काय सळया मोजायला लावताय?" मी शिक्षण आणि धंद्याचं समजावून सांगितलं. तर म्हणे, "धंदा ऱ्हाऊ द्या बाजूला. रोज पेपर कोण वाचून दाखवंल, डोळ्यांत थेंब कोण घालंल, त्याचं दुखणं हाय तुमचं."

अगदी चूक. पेपर मला वाचता येतो. अलीकडं छापतातच बारीक.

१९ एप्रिल

रहिमतपूरला गेलो. इंद्रजित माने, नोंदणीकृत आर्किटेक्ट, जुनी ओळख. आता एकटेच असतात. ऑफिस पुढच्या खोलीत, टेबलावर धूळ. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

म्हणाले, तात्या, खोटं पत्र मी देणार नाही. पण एक खरं घर आणा. एक माणूस, ज्याला घर बांधायचंय आणि पोरीनं काढलेला नकाशा पाहिजे. तेवढं आणलंत तर दर आठवड्याला पलूसला येऊन तिच्याबरोबर बसेन.

एक घर! मला हसूच आलं. निम्मा तालुका आपला.

जेवताना ब्राह्मीला सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, बेंगळुरूवाल्यांचा होकार आलाय तात्या. पण पहिलंच घर माझं स्वतःचं असेल, तर मी थांबेन.

थांबेन म्हणाली. भरतेशनं ऐकलंय, हिनंही ऐकलंय.

२४ एप्रिल

दुकानावर बोर्ड लावला: नवीन नकाशे तयार करून मिळतील. गर्दी होईल म्हणून आणखी खुर्च्या मांडल्या.

संध्याकाळपर्यंत एक जण आला. नव्या नकाशाचं सांगितलं तर म्हणाला, "आमाला आपला जुनाच द्या. माझा मेव्हणा ऱ्हातोय त्यात. डोकं कुठं आपटतंय ते ठावं हाय. नव्यात पुन्यांदा हुडकायचं कुणी?"

भरतेश म्हणाला, तात्या, गिऱ्हाईक बिचकवू नका. त्याला दूरदृष्टी कमी आहे. लहानपणापासून.

३ मे

जमलं! कुंडलचे आप्पासो, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. पोराच्या लग्नाआधी घर बांधायचंय. त्यांनाही जुनाच नकाशा पाहिजे होता. चहा पाजला, सरबत पाजलं, त्यांच्या पलटणीच्या गोष्टी ऐकल्या, दोन वेळा त्याच. काल शेवटी कंटाळून म्हणाले, "तुमी म्हणताय तर काढू द्या पोरीला. कागूदच हाय."

ब्राह्मी आज सकाळीच टेप घेऊन कुंडलला गेली. आप्पासोंशी थोडं बोलली आणि दिवसभर त्यांच्या बायकोजवळ, हरणाबाईजवळ चुलीपुढं बसली. गुडघे कधी दुखतात, ऊन कुठं येतं, म्हैस कुठं बांधता. नकाशाचा आणि म्हशीचा संबंध काय ते मला कळेना. पण घरी आली तेव्हा तोंडावर असं काही होतं की मी विचारलं नाही. आल्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता वरच्या खोलीतून पट्टी सरकवल्याचा आवाज येतो. तो ऐकत झोपाळ्यावर बसलं की झोप लागते. डॉक्टरांची गोळी बंद करावी म्हणतो.

११ मे

नकाशा झाला. इंद्रजित आले होते. चष्मा काढून कागदावर वाकले. जिन्याची एक पायरी बदलली, बाकी हात लावला नाही. म्हणाले, हे ट्रेनिंग.

बाथरूम जिन्याखाली नाही. स्वयंपाकघर पूर्वेला. त्याला एक रुंद खिडकी, एवढी खाली की कट्ट्यावर बसावं तसं आत बसून जोंधळे निवडावेत आणि गोठ्यातली म्हैस दिसावी. मला खिडकी फार खाली वाटली, चोराची सोय. पण बोललो नाही. म्हणजे तीन-चारदाच बोललो.

संयोगिता मॅडमना फोन केला आणि सांगितलं, सांगड बसली. त्या म्हणाल्या, कोण बोलतंय?

ओळखल्यावर मात्र खूश झाल्या. पत्र पाठवा म्हणाल्या. ब्राह्मीच्या ऑफिससाठी गोल फिरणारी खुर्ची आणली. बसून बघितली. चक्कर आली.

१८ मे

आज आप्पासो आणि हरणाबाई नकाशा बघायला दुकानात आले.

हरणाबाईनं कागदावरच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितनं म्हस दिसंल व्हय गं?" ब्राह्मीनं बोट धरून गोठ्यापर्यंत नेलं. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पासोही म्हणाले, "लय भारी." मग खिशातून पेन काढून म्हणाले, "बोला तात्या. सळई किती घ्यायची, म्हंजे ह्यो फुकट?"

ब्राह्मी म्हणाली, सुभेदारकाका, नकाशाची फी असते. काम चालू झालं की मी येऊन बघणार, त्याचीही त्यात आली.

आप्पासो माझ्याकडं वळले. "तात्या, ह्ये काय नवीन काढलं? तुमी कवा कागदाचं पैसं घेतलं? आख्ख्या कुंडलला फुकट आन् माझ्यापास्नं सुरवात व्हय?" दुकानात चार माणसं होती, ती ऐकत होती. आप्पासो उठले. पाय चपलेत घातला.

माणूस गेला तर घर गेलं. घर गेलं तर पत्र गेलं. पत्र गेलं तर पोरगी गेली. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी म्हणालो, "बसा सुभेदार. पोर गमतीनं बोलली. घरचंच हाय. सळईवर फुकट."

बसले. वाचलो.

ब्राह्मी माझ्याकडं बघत होती. मग तिनं कागद हळूहळू गुंडाळायला घेतला. हरणाबाईचं बोट अजून त्यावरच होतं, ते घसरून टेबलावर आलं. ब्राह्मी म्हणाली, मग त्यांना जुनाच द्या, तात्या. तो फुकटच आहे.

आणि कागद घेऊन वर गेली.

१९ मे

रागात आहे. उतरेल. एकुलती एक, लाडात वाढलेली.

माझं काय चुकलं, याचा नीट विचार केला. काही नाही. मी तसं बोललो नसतो तर माणूस समोरच्या दुकानात गेला असता. ही म्हणाली, "तिच्या कामाचं मोल चार माणसांत शून्य केलंसा तुमी, आन् तेबी तिच्याम्होरं." मी म्हणालो, तिच्यासाठीच केलं. "तिच्यासाठी न्हवं," म्हणाली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

उपाय सुचला. फी मीच पाकिटात घालून, आप्पासोंनी पाठवली म्हणून द्यायची.

संध्याकाळ. दिली. पाकिटावर आमच्या दुकानाचं नाव छापलेलं आहे हे ध्यानात आलं नाही.

२७ मे

इंद्रजितना फोन केला. म्हटलं, तुम्ही ज्येष्ठ आहात, तिला समजवा. ते म्हणाले, तिचा परवाच फोन आला होता. आभार मानत होती. गुणी पोरगी आहे, बेंगळुरूला जाऊ द्या तिला.

मी म्हटलं, गुरुवारी या तर खरं, दुसरं घर मिळवतो.  मग म्हणाले, तात्या, तुम्ही नकाशे फुकट वाटत होता, तेव्हा मी तिथं पलूसलाच पाटी लावून बसलो होतो. माझ्याकडं कोण येणार होतं?

रागानं नाही बोलले. हवापाण्याचं बोलावं तसं. मला बरं वाटेना म्हणून फोन ठेवला. त्यांच्या टेबलावरची धूळ आठवली. कामाला बाई ठेवायला पाहिजे त्यांनी.

८ जून

ब्राह्मीला मिरजेच्या स्टेशनवर पोहोचवून आलो. पाणी उकळून पी, असं सांगितलं. पाया पडली. थेंब कुठल्या बाटलीतले सकाळी आणि कुठले संध्याकाळी, ते आईला समजावून ठेवलंय म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर काही बोलता आलं असतं.

गाडी गेल्यावर भरतेश म्हणाला, चला तात्या. मी स्टेशनचा बोर्ड वाचत होतो. बिनचष्म्याचा वाचता आला. मिरज. सांगितलं त्याला.

३० जून

पेपर येतो. घडी मोडत नाही कुणी.

आप्पासोंचं घर जोरात चाललंय. जुन्याच नकाशावर. सळई आपली.

ठराव: पुढच्या गिऱ्हाइकाकडून नकाशाचे पैसे मागायचे. निदान विषय काढायचा.

२० जुलै

ब्राह्मीचा फोन. काम भरपूर असतं म्हणाली. ऑफिसातल्यांना हरणाबाईच्या घराचा नकाशा दाखवला, त्यांना आवडला. मग विचारलं, सुभेदारकाकांचं घर कसं झालं शेवटी?

खरं सांगणार होतो. तोंडातून निघालं, स्वयंपाकघराची खिडकी तुझी ठेवली बघ. हरणाबाईनं हट्टच धरला.

  ती म्हणाली, "खरंच तात्या?" लहानपणी जत्रेत नेलं की बोलायची, तशी. म्हणाली, भाद्रपदात दशलक्षण पर्वाला येते, आधी वाटलं नव्हतं जमेल, पण येते. पहिल्यांदा आपण दोघं कुंडलला जाऊ. त्या खिडकीत बसायचंय मला.

येणार! हिला सांगितलं, भरतेशला सांगितलं. पेढे आणायला निघालो.

चौकापर्यंत गेलो आणि परत आलो.

२२ जुलै, कुंडल

सकाळच्या एसटीनं आलो. भिंती छतापर्यंत गेल्यात. स्वयंपाकघर मागं, काळोखं, वर हातभर झरोका. मी आप्पासोंना हात जोडले. म्हटलं, भिंत फोडून तेवढी एक खिडकी ठेवा.

आप्पासो मिशीतल्या मिशीत हसले. "ठेवू की तात्या. सळईवर फुकट असंल तर."

हो म्हणालो. चौकट माझी, मजुरी माझी. गवंड्यानं छन्नी-हातोडा आणला आणि विचारलं, रुंदी किती, उंची किती, जमिनीपासून किती वर? हरणाबाईला बोलावलं. तिनं हात पसरून सांगितलं, एवढी. मग म्हणाली, न्हाई, एवढी. मग खाली बसून बघितलं आणि तिसरंच सांगितलं. तिचा जीव कासावीस झाला. "पोरीनं बराबर काढली हुती," म्हणाली.

माप त्या कागदावर आहे. कागद बेंगळुरूला आहे.

वाळूच्या ढिगाशेजारी बसून लिहितोय. गवंड्यानं बिडी पेटवलीय. दोनदा विचारून गेला, "आवं तात्या, लावताय न्हवं फोन?"

म्हणालो, इथं रेंज नाही.

त्यानं माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं. म्हणाला, हाय की.