चौकोनी दांडीची गिटार

६ मार्च २०१७, सोमवार. पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड

लिहायचं कारण: नर्सने वही दिली. पुरुषोत्तम काय खातात, कधी झोपतात, दिवसातून कितीदा दारापाशी जातात, सगळं टिपायचं. पुढच्या पानांवर ते टिपते. मागच्या पानांवर हे, माझं. ह्यांचं नाव लिहिते आहे. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत तोंडाने कधी घेतलं नाही.

आज दारापाशी चौदा वेळा. "ऑफिसला उशीर होतोय!" रिटायर होऊन सोळा वर्षं झाली! दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. त्यांना कोंडलंय, असं लोक म्हणतात. आत मीही आहे, ते कोणी मोजत नाही.

रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, एक खोली रिकामी होतेय. २४ तारखेपर्यंत हो की नाही सांगायचं. ऑकलंडहून प्रसाद: "आई, उद्या तूच पडलीस तर?" म्हटलं, मी पडत नाही.

७ मार्च, मंगळवार

नर्स म्हणाली, काहींना संगीताने फरक पडतो. रेडिओ लावला. त्यांनी प्लग उपटला.

कॉलेजात पाच वर्षं हवाईन गिटार शिकले होते. मांडीवर आडवी घ्यायची, तारांवरून स्टीलची कांडी फिरवायची. लग्नानंतर महिन्याभरात ह्यांनी ती मित्राच्या मेव्हणीला देऊन टाकली. "घरात हे सूर काढणं आता पुरे." मी भांडले नाही. कांडी तेवढी लपवली. अजून आहे.

ठरवलं: गिटार घ्यायची. ऐकून शांत बसले तर घरीच ठेवीन. नाही बसले तर ती खोली. प्रसादला एवढंच सांगितलं, बाबांसाठी हवी आहे.

११ मार्च, शनिवार

प्रसादने वीस लिंका पाठवल्या. "आई, रेझोनेटर घे. पोटात ॲल्युमिनियमची वाटी असते, आवाज खणखणीत. बाबांना कमी ऐकू येतं ना! आणि हिला साडेचार स्टार आहेत बघ."

स्टारना कान असतात का? पण वाटीची कल्पना बरी आहे. नीट पारखून घेईन.

१५ मार्च, बुधवार

न विचारता मागवली त्याने! चकचकीत धातूची, पोटावर माडाची झाडं. मांडीवर घेतली तर दांडी मागून गोल, सारखी डुलते. तारा इतक्या खाली की कांडी दांडीवरच्या पट्ट्यांवर आपटते. ही छातीशी धरून वाजवायची जात. पुण्यात आम्ही असल्या गिटारीच्या तारांखाली पितळी पट्टी सरकवून त्या उचलायचो. इथे पितळ कुठलं? चमच्याचा दांडा सरकवला. तारा उचलल्या, पण आतली वाटी खुळखुळायला लागली! पुरुषोत्तम कानांवर हात ठेवून दाराकडे.

फोन केला. परत करायची सोय कर.

"अगं पण दिसायला हीप्स, म्हणजे खूपच छान आहे!"

"मला मोर पाळायचा नाहीये, प्रसाद."

१६ मार्च, गुरुवार

दारापाशी ते नऊ वेळा. मी तीनदा.

१८ मार्च, शनिवार

जवळच्या फील्डिंग गावात रॉन नावाच्या म्हाताऱ्याकडे दोन गिटारी आहेत, दोन्ही चौकोनी दांडीच्या, मांडीवर न डुलणाऱ्या. ह्यांना गाडीत मागे बसवलं, चाइल्ड लॉक लावला.

गॅरेजचं दार सताड उघडं. "किया ओरा," रॉनने माओरीत नमस्कार केला आणि ह्यांना खुर्ची दिली.

पहिली नवी. दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली, सरळ. वाटीवरच्या झाकणावर टिचकी मारली, पत्रा थरथरला. बाजूला ठेवली. दुसरी जुनी, लाकडी, कोपऱ्याचा टवका उडालेला. टिचकी मारली, गप्प. एकेक तार जोरात वाजवली, मग अगदी हळू. खरी परीक्षा हळू वाजवण्यात. सूर विझला नाही, लांबवर गेला. खुंट्या घट्ट. खोट काढायला बसले होते, निघाली नाही.

मग एक धून वाजवली. बोटं गंजलेली. पण कांडी घसरत घसरत बरोबर जागी पोचली!

पुरुषोत्तम वीस मिनिटं हलले नाहीत. दार उघडं असून. मग पुढे वाकले, परक्या बाईशी बोलावं तसे.

"छान वाजवता हो. घरचे वाजवू देतात?"

"नाही."

"अरेरे! कोण एवढा गाढव?"

रॉनने विचारलं, काय म्हणतात? म्हटलं, आवडली म्हणतात.

जुनी घेतली.

१९ मार्च, रविवार

वाजवली. दारापाशी एकदाही नाही.

२० मार्च, सोमवार

एकदाही नाही. पण मी थांबले की उठतात. साडेचार तास वाजवली. अंगठ्याला फोड.

प्रसाद आनंदात. "जमलं की! आता बाबा घरीच!" हो म्हटलं.

२२ मार्च, बुधवार

एका जागी सारखी चुकत होते. ती दहादा घोटायची होती, फक्त तेवढीच. दुसऱ्यांदा घोटताना हे उठून उभे. मुकाट्याने पुढे वाजवत राहिले. भात करपला.

माझं कुलूप बदललं, एवढंच.

२३ मार्च, गुरुवार

रेस्ट होमला फोन केला. प्रसादला नंतर.

२४ मार्च, शुक्रवार

सकाळी अकराला ताब्यात दिलं: शर्ट सात. पायजमे सहा. चष्मे दोन. कानाचं यंत्र. दाढीचं सामान. ह्या वहीची पुढची पानं, फाडून. पुरुषोत्तम.

"आणि त्यांची गिटार?" तिथल्या नर्सने विचारलं. प्रसादने फोनवर सांगितलं होतं म्हणे.

म्हटलं, ती माझी आहे.