दोन नावं, एक राउटर

३ नोव्हेंबर, सोमवार

नवीन राउटर बसला. जुना विजेच्या लोळात गेला होता. बसवणारा म्हणाला, यात दोन बँड आहेत. २.४ लांब जातं, भिंती पार करतं, पण सावकाश. पाचवालं वेगवान, पण चिऱ्याच्या दोन भिंती आल्या की दम तुटतो. त्याने दोन्हीला एकच नाव ठेवलं – जुनंच, 'दर्याराणी'. आमच्या होडीचं. ते नाव दीपालीने ठेवलं होतं, जाऊबाई माझी धाकटी. फोनवर दिसलं, दोनदा वाचलं.

नवरा, निलेश, समुद्रावरून आला, बघितलं, म्हणाला, "एक नाव नको. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. वेगळे पासवर्ड."

वर्षाचा प्लॅन दोघा भावांनी मिळून भरलेला. तो संपेपर्यंत लाइन एक. बाकी सगळं वेगळं झालंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एमएस-सीआयटी मी केलेलं, म्हणून असली कामं माझ्याकडे. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. दोन्ही बँड एकत्र ठेवणारं बटण बंद केलं. पाचवालं 'निलेश'. दुसरं 'गौरव', दीपालीच्या नवऱ्याचं नाव – ते त्यांना, कारण राउटर आमच्या ओटीवर आणि मधे भिंत.

भिंत म्हणजे काय – माजघरातलं दार होतं. गौरवभावोजींनी मोसम सुरू होताना बंदरावर नोकरी धरली, निलेश होडीवर एकटा पडला. भांडण गेलं ते थेट घर वाटण्यापर्यंत. गणपती झाले आणि दारात चिरे रचले. त्या दारातून सखू दिवसाला शंभरदा यायची. दीपालीची तीन वर्षांची पोर. मला "मोठी" म्हणते. आमच्या घरात मूल नाही. होतं ते तेच.

त्यांचा पासवर्ड कागदावर लिहून निलेशने कंपाउंडवर ठेवला, वर दगड. हातात दिला नाही!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचवालं माझ्या स्वयंपाकघरात पोचत नाही. राहू दे.

११ नोव्हेंबर, मंगळवार



संध्याकाळी दिवा लावला, ओटीवर बसले, फोनमधले सखूचे व्हिडिओ काढले. मोठे बघावेत म्हणून टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं. दोन टीव्ही दिसले. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, नावही तेच. मी यादीतला वरचा दाबला.

माझा टीव्ही काळाच. आणि भिंतीपलीकडून माझाच आवाज आला – "बोट नको चावू गो, भात चाव!"

ती मीच. गेल्या शिमग्याची, सखूला भरवताना.

पलीकडे सखू किंचाळली. "मोठी! मोठी टीव्हीत!" मग धप धप. चिऱ्यांवर हात मारत होती – जिथे दार होतं तिथेच. मला बंद करता येईना, बोटच वळेना. दीपालीलाही रिमोट होता की! तिनेही बंद केला नाही. शेवटपर्यंत चालू दिला.

मग सखू रडत राहिली. मी इकडे पदर तोंडात धरून.

निलेशने ऐकलं होतं. "नाव वेगळं केलंस ना? मग त्यांच्या घरात शिरलीस कशी?"

"नावं वेगळी केली. राउटर एकच आहे, त्याला घर एकच दिसतं."

 अर्धवट जेवून उठला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दीपाली विहिरीवर भेटली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा समोर उभी राहिली. बारीक झालीय.

"वयनी, आज पण लाव."

एवढंच बोलली. मी लावला. मुद्दाम, वरचा टीव्ही निवडून. सखू हसली. इतकं स्वच्छ ऐकू येतं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लावला. निलेश उठून जेटीवर गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दीपाली परत विहिरीवर. कळशी भरली तरी उचलेना.

"रविवारी जातोय आम्ही. ह्यांना बंदराच्या वसाहतीत खोली मिळालीय. टेम्पो सांगितलाय."

"तुला जायचंय?"

"मला कोण विचारतं? ह्यांना पण नाय जायचं, वयनी. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर येऊन बसतात. पण आधी बोलायचं कोणी?"

घरी येऊन निलेशला सांगितलं. म्हटलं, तू मोठा आहेस. म्हणाला, "जाऊ दे त्याला. होडी टाकून गेला तेव्हा मी लहान होतो का?" आणि जाळं दुरुस्त करत बसला. एकच भोक तासभर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज व्हिडिओ निवडायला वेळ लागला. शेवटी होडीवरचा घेतला. सखू सव्वा वर्षाची, भावोजींच्या मांडीवर. निलेश तिच्या हातात मोठा बांगडा देतो, ती तो भावोजींच्या तोंडावर मारते. दोघे भाऊ असे हसतात की फोन धरणारी दीपालीही हलतेय. चित्र नुसतं हिंदकळतं.

निलेश जेटीवर गेला नाही. दारात उभा राहिला. आमच्याकडे चित्र नव्हतं, नुसता भिंतीतून येणारा आवाज. त्याचं स्वतःचं हसू त्याने पलीकडून ऐकलं. मग पलीकडे कोणी तरी खाकरलं. भावोजी. निलेशने मान खाली घातली.

मी म्हटलं, "जा ना."

गेला नाही.

उद्या या वेळी पलीकडे टीव्ही नसेल. बटण दाबलं तर यादीत एकच दिसेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो आला. भावोजी आणि ड्रायव्हर कपाट बाहेर काढत होते, उंबऱ्यात अडकलं. निलेश उठला, गेला, ड्रायव्हरला बाजूला केलं आणि त्याचं टोक स्वतः धरलं.

"आत घे," म्हणाला.

"काय?" भावोजी.

"आत घे म्हणतोय. जड आहे, सांभाळ."