‘कशामुळे?’ हा रकाना

३ मार्च

पोचलो एकदाचा सुरतेत! सापुताऱ्याच्या वळणांनी पोटातलं सगळं ओठांपर्यंत आणलं होतं, पण उतरल्या उतरल्या गरम लोचो खाल्ला आणि जिवात जीव आला. डिंडोलीतली भाड्याची खोली फोटोत दिसली होती त्यापेक्षा बरी निघाली. आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं. स्वयंपाकघराला चक्क खिडकी आहे. बायकोला, श्वेताला, व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं, तर तिला नेमकी माळ्यावरची जळमटं दिसली! तिची शाळा एप्रिलअखेर सुटेल, मग ती नाशिकहून येईल. तोवर मी आणि माझी कच्ची पोळी.

नोकरी उधन्याला, डॉक्टर मधुकरांच्या दवाखान्यात. डॉक्टर मूळ धुळ्याचे, मनोविकारतज्ज्ञ. तीस वर्षं इथं काढल्यामुळे वाक्य मराठीत सुरू करतात आणि गुजरातीत संपवतात. लैंगिक अडचणी घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांची हकिगत नीट विचारून लिहून घेणं, हे माझं काम. फॉर्मवर तीन रकाने आहेत: काय? केव्हापासून? कशामुळे? तिसरा बहुतेक कोराच राहतो, असं डॉक्टर म्हणाले. आधीच्या समुपदेशकांचा राहिला असेल, मी मनात म्हटलं. आपण बारा वर्षं काय गवत उपटलं का?

८ मार्च

आठवडा झाला. तिसरा रकाना कोरा.

आज रामदास म्हणून एक बँक अधिकारी आले होते. अठ्ठेचाळीस वर्षांचे, शर्टाला कडक इस्त्री. त्यांना रबरी हातमोज्यांच्या वासाशिवाय काहीच सुचत नाही. बायकोला वीस वर्षं माहीत आहे, तिची तक्रार नाही. यांनाच हल्ली लाज वाटायला लागली. कशामुळे, म्हणून दीड तास खोदलं. दवाखाना, शाळेची प्रयोगशाळा, भांडी घासणारी बाई, सगळं विचारून झालं. ते आपले सौजन्यानं मान हलवत राहिले. नाही आठवत, साहेब.

पुस्तकात सगळं सरळ असतं हो. माणूस घाबरलेला असतो, एकटा असतो, त्याच वेळी एखादा वास किंवा स्पर्श दिलासा देऊन जातो. मेंदू त्या दोन्हींची गाठ मारून ठेवतो आणि पुढे इच्छा त्या गाठीवर येऊन बसते. डॉक्टर म्हणतात, कधी अशी गाठ सापडते, कधी नसतेच. दोघं मोठी माणसं राजीखुशीनं वागत असतील आणि कोणाला त्रास नसेल, तर त्याला आजार म्हणू नये. लाज तेवढी कमी करायची. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण मग मला कशाला ठेवलंय, आरती ओवाळायला?

१२ मार्च

आज एक जोडपं आलं. ललित बमरोलीला साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करतो, वय एकतीस. सोनाली त्याची बायको, माहेर अमळनेरकडचं. राहतात नवागामला. ती घरी साड्या आणून उलट्या बाजूचे सुटे धागे कापते. त्या भागात दर दुसऱ्या घरात बायका हेच करतात. खोलीत बसायला जागा नाही, नुसत्या साड्याच साड्या.

ललितची अडचण अशी, की बायकोच्या तोंडावर कोरी, न धुतलेली साडी ओढलेली असली तरच त्याला तिच्याजवळ जाववतं. चेहरा दिसला की संपलं. चार वर्षं सोनालीनं ऐकलं. आता तिचा बांध फुटलाय. ललितला बाहेर बसवून ती माझ्यावरच खेकसली, मना तोंडमा काय खोट शे? तिच्या चेहऱ्यात काय वाईट आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, तशी ती जाईल. तोवर मूळ सापडलं तर परत येईल, नाहीतर नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, आखाजीच्या आत मूळ काढून देतो. माझं कार्डही दिलं.

उगाच बोललो का? पण तिचं तोंड बघून राहवलं नाही. बिचारी साडी विकत घ्यायलाही घाबरते म्हणाली.

२४ मार्च

वैताग, वैताग आणि वैताग! ललितच्या चार बैठका झाल्या, हाती डोंबल. केव्हापासून? लग्नापासून. त्याआधी? माहीत नाही. कशामुळे? हसतो. हसतो काय लेका, तुझा संसार चाललाय!

शेवटी माझा तोल गेला. वीस वर्षांचा असताना तो पहिल्यांदा गावाहून एकटा सुरतेला आला आणि कापडाच्या गोदामात गाठोड्यांवर झोपायचा, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, तेव्हा तू तापानं फणफणला असशील, जवळ कोणी नसेल. एखादी बाई आली असेल, तोंडावर कोरी साडी ओढलेली. तिनं कपाळावर हात ठेवला असेल. आठव.

हे सगळं मी तिथल्या तिथं रचलं. असं सुचवणं आमच्या धंद्यात पाप आहे, पहिल्या वर्षी शिकवतात. ललित नाही म्हणाला. पण जाताना दाराशी दोन मिनिटं थांबला.

३१ मार्च

आठवलं त्याला! पाडव्याचे पेढे घेऊन आला, पेढ्यांआधी मिठीच मारली. बाई होती म्हणे. ताप होता. हात गार होता, ओल्या कापडासारखा. करंगळीचं नख काळं होतं.

नखाचं मी बोललो नव्हतो. मन अशा फटी स्वतःच बुजवतं, खोट्या आठवणींचं असंच असतं, मला ठाऊक आहे. पण त्याचा चेहरा इतका उजळलेला, की खरं सांगायला जीभच उचलेना. सोनाली कशी आहे विचारलं. घरीच आहे, खूश आहे, आता भांडत नाही, असं म्हणाला.

रकान्यात लिहून टाकलं. माझा पहिला भरलेला रकाना. शाई जरा पसरली.

७ एप्रिल

ललित एकटाच आला. सोनाली आता आपणहून तोंडावर साडी घेते म्हणे. धागे कापतानासुद्धा. दिवसभर. मी विचारलं, चेहरा शेवटचा कधी पाहिलास? त्याला प्रश्नच कळला नाही.

हे बरं चाललेलं नाही. मला त्याला मोकळं करायचं होतं, आणि मी त्याचा खुंटा आणखी खोल ठोकला.

१२ एप्रिल

रामदास आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, आठवलं. बदलीच्या गावी एकटे असताना टायफॉइड, खाट, आणि कपाळावर एक हात. बाईच्या तोंडावर साडी होती, कोऱ्या कापडाचा वास येत होता. हातमोजे नव्हतेच, असं स्वतःच चकित होऊन म्हणाले. करंगळीचं नख काळं.

ललितला ते ओळखत नाहीत. दोघांचे वार वेगळे. आमच्या सगळ्या बैठका रामदासांच्या संमतीनं रेकॉर्ड केलेल्या आहेत. दुपारभर ऐकल्या. तोंडावर साडी घेतलेल्या बाईचा शब्द मी कुठंही काढलेला नाही.

१५ एप्रिल

डॉक्टरांना सगळं सांगितलं. एवढं चिडलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. केदार, रोग्याच्या डोक्यात स्वतःची गोष्ट घालायला तुला इथं आणलं का, असं विचारलं आणि पुढचं सगळं गुजरातीत. उद्याच्या उद्या त्या नवराबायकोला खरं सांगून ये. रामदासांचं काय, या प्रश्नावर त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

लाज वाटते. आणि लाजेपेक्षा रागच जास्त येतो, स्वतःचा.

१७ एप्रिल

काल धीर झाला नाही, आज भर दुपारी नवागामला गेलो. बाहेर डांबर वितळत होतं. ललित कामावर. दार उघडं. आत साड्यांच्या ढिगात ती बसली होती, डोक्यापासून छातीपर्यंत पिवळी कोरी साडी. कैची चालू होती. साडीतून दिसत नसताना धागे कसे कापते, कोण जाणे.

उंबऱ्यातूनच भडाभडा बोललो. वहिनी, ते मूळ खोटं आहे. मी रचलं. तुम्ही खुशाल माहेरी जा, तुमच्या चेहऱ्यात काही खोट नाही.

कैची थांबली. तिनं हळू आवाजात सांगितलं, तुम्हीन सांगं, तवय माले जागा भेटनी. मी सांगितलं तेव्हाच तिला जागा मिळाली. सोनाली टोमणा मारतेय असं मला वाटलं. माफी मागून निघालो. चपला घालताना तिच्या हाताकडे लक्ष गेलं. तेवढं इथं लिहीत नाही.

१८ एप्रिल

सोनालीचा फोन. अमळनेरहून.

ती पाडव्याच्या आदल्या दिवशीच माहेरी गेली आहे. भांडण झालं, आखाजीची वाट बघितली नाही. वीस दिवस झाले, नवऱ्याचा एक फोन नाही. मूळ सापडलं का, तेवढं सांगा, म्हणाली. पाठीमागे तिची आई भाकऱ्या थापत होती, आवाज येत होता.

मी तिला काय सांगितलं आठवत नाही.

२१ एप्रिल

ललितचा फोन बंद. कारखान्यात निरोप ठेवला, आला नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरी बाई ठेवली असेल, तू उगाच भुतंखेतं काढू नकोस. ठेवली असेल! किती सोपं झालं असतं!

सोनालीला बजावलं होतं, एकटी येऊ नका, मी बरोबर येतो. ऐकते कुठं? सकाळच्या गाडीनं आली. स्टेशनवरून रडत फोन. दार ललितनं उघडलं. तिच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि कोण पाहिजे, असं विचारलं. ओळखलंच नाही त्यानं. थट्टा नव्हती म्हणाली, खरंच ओळखलं नाही. मग दार लावून घेतलं. आतून कैचीचा आवाज येत होता.

चार वर्षांचा संसार बाईचा. माझ्या एका रकान्यापायी.

२३ एप्रिल

ऊन लागलं. ताप एकशे तीन. श्वेताला कळवलं, ती सोमवारी येतेय. तोपर्यंत पडून राहायचं.

दुपारी झोप लागली. दाराला आतून कडी होती. हे मी नीट लिहून ठेवतो — कडी होती.

कपाळावर हात आला. गार. मला केवढं बरं वाटलं — देवा, केवढं बरं —

२४ एप्रिल

भ्रम. तापात होतं असं. एकटा माणूस, ताप, दिलासा, वास. मीच तर लिहिलंय वर. गाठ कशी बसते ते मला माहीत आहे. माहीत असलं की बसत नाही.

उशीला कोऱ्या कापडाचा वास येतोय.

२६ एप्रिल

ताप उतरला. उतरायला नको होता.

काल कपाटातून नवी चादर काढली, न धुतलेली. तोंडाजवळ धरली. बराच वेळ. पस्तिशीच्या माणसाला शोभत नाही, पण लिहितो — मला ती हवी आहे. हात पुन्हा हवा आहे. रामदासांची लाज आज कळली.

श्वेताचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा उलटा ठेवला. तिचा चेहरा बघवेना. चांगला चेहरा आहे तिचा. काय खोट आहे त्यात? काही नाही. बघवेना.

२७ एप्रिल

श्वेताला सांगितलं, येऊ नकोस. कशामुळे, तिनं विचारलं.

मी फोन ठेवला. ती हट्टी आहे. येणारच.

स्वयंपाकघरात कोणीतरी बसलंय. मी उठून बघत नाही. बघितलं आणि नसली तर —

२८ एप्रिल

बेल वाजतेय. वही हातातच आहे. विसरायच्या आत लिहितो. बायकोचं नाव श्वेता. उजव्या भुवईवर व्रण. शाळेत गणित शिकवते. हसताना नाक — नाक —

पुन्हा बेल. दाराच्या भोकातून बघितलं. दारात एक बाई. बॅग आहे. तोंड उघडं. केदार, केदार करतेय. भुवईवर काहीतरी आहे, त्याचं काय ते मी वर लिहिलंय, पण —

कपाळावर हात आला. मागून.

दार उघडतो. विचारायला हवं — ताई, कोण पा