तांबूने ऐकलं

रत्नागिरी,
१४ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तांबूचा पाय उंच फळीवरून सुटला आणि माझं सगळं तिथेच बदललं. फोन केला नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगणं मला जमणार नाही.

पुण्याच्या स्पर्धेत तिन्ही खेळ मिळून जो कुत्रा वरचढ, त्याला ढाल होती. वास शोधण्यात बारा बंद खोक्यांतून माझा रुमाल तांबूने सर्वांत आधी काढला. आज्ञापालनात तीन मिनिटं बसून राहायचं होतं. शेजारचा अल्सेशियन उठून मालकाकडे गेला, आपला गावठी हलला नाही. त्यात तांबू दुसरा आला. शेवटी अडथळे. दांड्या झाल्या, बोगदा झाला, मग छातीएवढी उंच फळी. तिच्या मध्यावरून तो खाली आला. पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली आहे.

फळी ओली होती, मामा. मी तिथल्या आयोजकांच्या माणसाची कॉलर धरली, त्यांनी मला मैदानाबाहेर काढलं. आई म्हणते, कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला भांडूनच बाहेर पडलास, आता आणखी कुठून बाहेर पडायचं राहिलंय? मला तक्रार करायची आहे. तुम्ही नोकरीत असताना अर्ज चांगले लिहायचात. एक मसुदा करून पाठवा.

तांबूला पिल्लू असताना पहिल्यांदा ज्यांनी उभं केलं, त्यांनी आता आम्हा दोघांवर नजर असू द्यावी.

आपला,
सर्वेश


पोफळी,
२० जानेवारी २०२५

चि. सर्वेश यास,
अ. उ. आ.

शेजारच्या विनीतने त्याच्या मोबाइलवर स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला. मी अकरा वेळा बघितला. शेवटी विनीत म्हणाला, आजोबा, चार्जिंग संपेल.

अर्ज मी लिहून देणार नाही. फळी कोरडी होती. तांबूच्या आधीचा कुत्रा गेला तेव्हा तिच्यावरून धूळ उडाली. तू तुझा उजवा हात बघ. तांबू मध्यावर आहे आणि तुझे डोळे भलतीकडेच. मग हात सरळ वर जातो, पंजा उघडा.

मला ऐकू येईनासं झालं तेव्हा माझा आवाज किती लागतो ते मलाच कळेना. मी बोलायचो आणि पिल्लू खाटेखाली जाऊन मुतायचं. म्हणून त्याला हातांनी शिकवलं. हात खाली म्हणजे बस, आडवा म्हणजे थांब, वर गेला की असशील तिथून उडी. हे तुला मी सांगायला हवं?

तो घसरला नाही, मेल्या. त्याने ऐकलं.

कोणाला हात केलास ते सांगावंसं वाटलं तर लिही. त्या कॉलरवाल्याची माफी माग. आणि जेवत जा. तुझ्या आईचं वेगळं पत्र आलंय, त्यात दोन पानं तुझ्या न जेवण्यावर आहेत.

रागावलो तरी मामाच आहे, हे धरून चाल.

तुझा,
हरिश्चंद्रमामा


रत्नागिरी,
२७ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी फाडलं. मग चिकटपट्टी लावून परत वाचलं.

सानिकाला हात केला. कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी शिक्षण सोडल्यावरसुद्धा रोज संध्याकाळी कातळावर यायची, तांबूसाठी दांड्या धरून उभी राहायची. पुण्याला नोकरी लागली आणि तिचे फोन कमी झाले. मी स्पर्धेची तारीख कळवली होती, येईल असं वाटलं नव्हतं. ती दोरीपलीकडे दिसली. वळून निघालीच होती. मला वाटलं, तिने मला बघितलंच नाही, आता गेली तर गेली. म्हणून हात वर केला. फळीवर तांबू आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच नव्हतं.

तिने बघितलं होतं. लग्न ठरल्याचं सांगायला आली होती, आणि सांगवेना म्हणून परत निघाली होती. हे तिने चार दिवसांनी कळवलं. ते चार दिवस मी दवाखान्यात तांबूच्या पिंजऱ्याला टेकून फोनकडे बघत बसलो होतो. तो माझ्याकडे बघत होता.

डॉक्टर म्हणतात, लंगडत चालेल. पण एकदा जरी उडी मारली तर पट्टी निखळेल, मग पाय कापावा लागेल. आणि तो अजून ऐकतो, मामा. काल दोरीवरचा टॉवेल काढायला हात वर गेला, तर हा बँडेजसकट उठला आणि मागचे पाय गोळा केले. मी त्याच्यावर पडलो म्हणून थांबला. आता घरात हात मागे बांधून फिरतो. वरच्या फळीवरचा डबासुद्धा आई काढते. तरी दिवसातून एकदा विसरायला होतंच. शिकवलेलं मोडून बघितलं. एक हात वर करतो आणि दुसऱ्या हाताने त्याला दाबून धरतो. मग तो असा बघतो, जणू चूक त्याची.

काय करू ते सांगा. याच्यापुढे तुमच्याजवळ मागण्यासारखं दुसरं काही नाही.

सर्वेश


पोफळी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सर्वेश यास,
अ. उ. आ.

त्याला इकडे आण.

माझे दोन्ही हात दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नाहीत. शर्ट विनीत चढवतो. तुला लिहिलं नाही, कारण तू आईला सांगितलं असतंस आणि तिने तेलाच्या बाटल्या धाडल्या असत्या. माझ्यापाशी तांबूला उडी सांगणारं कोणी नाही. विनीतला ताकीद दिली आहे. त्याला तांबू तसा ओळखतही नाही.

आणि एकदा सोडून गेलास की येऊ नकोस. वर्षभर तरी. तुला बघितलं की तो तुझ्या हातांकडे बघत बसेल. हे मी रागाने लिहीत नाही. पाय त्याचा आहे.

येताना त्याचं अंथरूण आण, धुऊ नकोस.

तुझ्यावर जीव असलेला,
हरिश्चंद्रमामा


पोफळी,
१६ फेब्रुवारी २०२५, दुपार

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जेवून आडवे झालात आणि तांबू तुमच्या खाटेखाली झोपला आहे. तुम्हाला उठवलं तर खुणांनी बोलावं लागेल, म्हणून लिहून ठेवतो.

गोळी भाकरीत लपवली तर तो भाकरी खातो आणि गोळी ठेवतो. ती सुकटीत द्या. पायऱ्यांवर उचलून घ्या. नुसतं उतरतानासुद्धा जोर उजव्या पायावर टाकतो.

त्या माणसाला माफीचं पत्र टाकलं. सानिकाने तांबू कसा आहे ते विचारलं होतं. चालतो, एवढंच कळवलं. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टचं काम मिळालंय, उद्यापासून. तिथे दिवसभर हातमोजे घालून उभं राहायचं असतं.

माझ्या वाट्याचा लोभ इथून पुढे त्याला द्या.

आपला,
सर्वेश

ता. क. तो जागा झालाय. खाटेखालून डोकं काढून बघतोय. मी पेन ठेवतो, हात खिशात घालतो, बाहेर जातो आणि खांद्याने दार लावून घेतो.