वादळाचं बारसं

३ मे
विमा कंपनीचं पत्र. समुद्रकाठच्या घरांचा वाऱ्याचा विमा त्यांना यापुढे परवडत नाही, आमचा ३१ तारखेला संपणार. खाली ‘आपले विश्वासू’. हसलो. तीस वर्षं समोरच्याच आखातात, गल्फमध्ये, जहाजं ओढणारी टगबोट चालवलेल्या माणसाला वाऱ्याची भीती घालतात. संकल्प: महिनाअखेर नवा विमा, निम्म्या हप्त्यात. बायकोला म्हटलं, तू काळजी करू नकोस. अर्लीन म्हणाली, तू असं म्हणालास की मला काळजी वाटते. तिचे विनोद असेच असतात.

७ मे
गावातली एजंट मर्सेल कागद घेऊन आली. हप्ता ऐकून डोळे पांढरे झाले. अर्लीनचं म्हणणं, मिळतोय तो घेऊन टाक, बाबांनी बांधलेलं घर आहे, माझ्याकडे दुसरं काही नाही. बायका पहिल्याच भावाला फसतात. मर्सेलला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, पुढच्या आठवड्यात तू आपणहून खाली उतरशील. ती माझ्याकडे न बघता अर्लीनकडे बघत राहिली. मोठ्या माणसांसमोर नवी पोरं बुजतात.

११ मे
नऊ कंपन्यांची यादी. सहांना फोन. पाच जणांनी गावाचं नाव ऐकून ठेवून दिला. एकीनं ‘थांबा’ म्हणून फोनवर पाऊण तास पियानो ऐकवला. उरलेल्यांना उद्या.

१५ मे, गुरुवार
उद्याचं आज झालं नाही, चार दिवस कंबर धरली होती. अर्लीन चर्चचे कपडे घालून सकाळीच बाहेर. गुरुवारी कसलं चर्च? दुपारी आली. जेवायला कालचाच गंबो, तेच कोळंबीचं कालवण.

२० मे
अर्लीन विम्याबद्दल अवाक्षर काढत नाही. विश्वास बसला एकदाचा. मर्सेलचाही फोन नाही. हात टेकले तिनं.

२८ मे
अर्लीननं कोळंबी सोलायच्या शेडमध्ये काम धरलंय. वय एकसष्ट. घरात करमत नसेल. बोटांना चिरा पडल्यात, वास जात नाही. लिंबू चोळ म्हणून सुचवलं. जेवताना मी खिडकीपाशी बसतो.

१ जून
जुना विमा काल संपला. वादळांचा मोसम आज सुरू. तारखा बघून वादळं येत नसतात.

१७ जून
सापडला! बॅटन रूज शहरातला विमा एजंट, टेरेल. आवाज ओळखीचा वाटावा असा. म्हणाला, छप्पर मजबूत निघालं तर हप्ता निम्मा. छप्पर मी स्वतः ठोकलंय, म्हणजे प्रश्नच मिटला.

२४ जून
टेरेलच्या कंपनीचा तपासनीस माळ्यावर चढला, बॅटरी मारून फोटो काढत बसला. म्हणे, वाशांना भिंतीशी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांत प्रत्येकी तीन खिळे हवेत, तुमच्या दोनच आहेत. आणि त्यातला एक लाकडात गेलेलाच नाही, हवेत आहे. मी म्हटलं, ती त्या काळची पद्धत होती. त्यानं ‘पद्धत’ असं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी परत येणार.

२६ जून
वासे अठ्ठावीस. माळ्यावर भट्टी. माळ्याच्या दाराजवळचे चार ठोकले. त्याचा कॅमेरा तेवढ्याच अंतरावर पोचतो, मी नीट पाहून ठेवलंय. नवे खिळे चकाकतात, म्हणून आधी दोन दिवस मीठ घालून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते. झकास गंजले. लोणच्याला व्हिनेगर उरलं नाही, अर्लीनची काकडी मात्र सडली.

८ जुलै
पास. बाकीच्या चोवीस वाशांना सवडीनं ठोकीन. ऊन उतरू दे.

२९ जुलै
ऊन उतरत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
टेरेलचा फोन. निम्मा हप्ता! निम्म्याहून दोन डॉलर कमीच. फक्त सही हवी. मी म्हटलं, अजून दहा टक्के सोड, सोमवारी सांगतो. तो काकुळतीला आला. “कॅप्टन, आजच सही करा. गल्फमध्ये ढग जमताहेत. वादळाचं नाव पडलं की आमच्याकडे नवा विमा बंद. वरिष्ठसुद्धा काही करू शकत नाहीत.” घाबरवायची जुनी युक्ती. तो रांगत होता तेव्हापासून मी ढग वाचतोय. हे विरणार.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी सव्वासातला बारसं झालं. नाव ओडेल. सात वीसला टेरेलला फोन लावला, दहा टक्के सोडले म्हणून सांगितलं. म्हणाला, दार बंद, वादळ जाईपर्यंत कुठल्याच कंपनीचा विमा मिळणार नाही. मी म्हटलं, शुक्रवारची तारीख टाक. त्यानं फोन ठेवला. माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.
अर्लीनला अजून सांगितलेलं नाही. उगाच तिला त्रास.

१२ ऑगस्ट
गाव रिकामं करायचा हुकूम. लाफायेतला अर्लीनच्या बहिणीकडे. अर्लीननं बापाचा फोटो, बापाचा हातोडा आणि एक फाईल घेतली. माझे कपडे कुठायत विचारलं तर म्हणाली, “तुझी बॅग तू भर.” घाईत माणूस तुटक बोलतो.

१५ ऑगस्ट
परत आलो. भिंती उभ्या आहेत. छप्पर शेजारच्या कालव्यात. फक्त माळ्याच्या दाराजवळच्या चार वाशांवरचं शाबूत आहे. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती.
अर्लीन रडली नाही. बापानं रंगवलेल्या दाराला हात लावून बराच वेळ उभी राहिली. शेवटी मी धीर करून सांगितलं की विमा नाही.
ती म्हणाली, “तुझा नाही. माझा आहे.”
मे महिन्यातच मर्सेलकडून घेतला होता. पहिल्याच भावाला! हप्ता कोळंबी सोलून भरते. आनंदानं मलाच रडू आलं. तीस वर्षांत माझ्याकडून काहीतरी शिकलीच.

१६ ऑगस्ट
नुकसान बघायला कंपनीचा माणूस आला. मी पुढे होऊन वाशांबद्दल समजावू लागलो. त्यानं विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मालक. त्यानं कागद चाळला. घर अर्लीनच्या नावावर, ते ठीक, बापाचं आहे. पण घरात राहणारी माणसं: एक. तारीख १५ मे. “तुम्ही भाडेकरू का?”
मी अर्लीनकडे बघितलं. ती फाईल बंद करत होती.
“मर्सेलनं विचारलं, घरात धरून चालावं अशी माणसं किती,” ती म्हणाली. “मी खरं तेच सांगितलं.”

१७ ऑगस्ट, रविवार
छप्पर होईपर्यंत कंपनी हॉटेलचा खर्च देते. एका माणसाचा. लाफायेतची खोली चांगली आहे म्हणे, तिसऱ्या मजल्यावर. मी खाली पार्किंगमध्ये ट्रकमध्ये आहे. सकाळी हॉटेलच्या माणसानं येऊन विचारलं, इथे कोणाची वाट बघताय.
कारकुनाची चूक दिसते. सोमवारी फोन करून आकडा दुरुस्त करून घेतो.